विसरण गुणांकाचा अंदाज आणि त्यावरची भिस्त

रासायनिक कारखान्याच्या आरेखनात जी गणनापत्रके तयार होतात, त्यांत विसरण गुणांकाची, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्यात किती झपाट्याने पसरतो ते सांगणाऱ्या आकड्याची, ओळ बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते. सिम्युलेटरने दिलेला आकडा दशांश चिन्हानंतरच्या सहा स्थळांसह तिथे येऊन बसतो. तो कोणत्या सूत्रातून निघाला आणि त्या सूत्राची चूक साधारण किती असते, हे विचारायला कोणी थांबत नाही. वस्तुमान-संक्रमणाची (पदार्थ एका माध्यमातून दुसऱ्यात नेण्याची) उपकरणे आरेखित करण्यात बराच काळ घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, वायूंमधला अंदाज आपण समजतो त्याहून चांगला असतो, द्रवांमधला आपण समजतो त्याहून कच्चा असतो, आणि हा कच्चेपणा किती महागात पडेल हे तो आकडा पुढे कोणत्या समीकरणात जाणार आहे त्यावर ठरते. या लेखात तीच बाजू थोडी हिशेब मांडून पाहायची आहे.

आधी परिमाणाची कल्पना हवी. सामान्य तापमानाला आणि दाबाला वायूंमधला विसरण गुणांक सेकंदाला ०.१ ते १ चौरस सेंटिमीटर या पट्ट्यात असतो, तर पाण्यासारख्या पातळ द्रवात लहान रेणूंसाठी तो सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरच्या एक-दोन लाखांशाइतकाच भरतो. म्हणजे दोहोंत दहा हजार पटींचा फरक आहे. रेणू सरासरी किती अंतर सरकतो त्याचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट, हे कालमापनाचे ढोबळ सूत्र घेतले, तर हवेत पाण्याच्या वाफेला एक सेंटिमीटर सरकायला साधारण दोन सेकंद लागतात. साखरेच्या रेणूला पाण्यात तेवढेच अंतर कापायला २७ तासांच्या आसपास लागतात, आणि अंतर दहापट केले की काळ शंभरपट होत असल्यामुळे दहा सेंटिमीटरसाठी साडेतीन महिन्यांहून अधिक. द्रवांतली जवळजवळ प्रत्येक औद्योगिक क्रिया ढवळण्यावर किंवा प्रवाहावर का अवलंबून असते, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. पुढे द्रवांचे आकडे देताना मी 'लाखांश' असे लिहीन, तेव्हा त्याचा अर्थ 'चौरस सेंटिमीटर प्रति सेकंदाचा एक लाखांश' असा घ्यावा.

वायूंचा विषय तुलनेने सुकर असण्याचे कारण असे की, वायूत रेणू बराच काळ मोकळे असतात. २५ अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाला हवेतला रेणू दोन टकरींच्या मध्ये सुमारे ६८ नॅनोमीटर धावतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळपास दोनशेपट, आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला ४६५ मीटरच्या घरात असतो. या दोन आकड्यांच्या गुणाकाराचा एक तृतीयांश हा गुणांकाचा सर्वांत प्राथमिक अंदाज, तो ०.१ चौ. सेंमी. प्रति सेकंदाच्या किंचित वर येतो. नायट्रोजनच्या स्वविसरणाचा (नायट्रोजनमध्येच नायट्रोजनचे रेणू पसरण्याचा) मोजलेला आकडा ०.२ च्या आसपास आहे. इतक्या ओबडधोबड युक्तिवादातून निघालेले उत्तर दुपटीच्या आत बसते, ही गतिज सिद्धांताची, म्हणजे रेणूंच्या धावण्या-आदळण्यावरून वायूचे गुणधर्म काढणाऱ्या सिद्धांताची, खरी मिळकत आहे. थॉमस ग्रॅहम यांचे वायुविसरणाचे प्रयोग १८२९ ते १८३३ या काळातले, अडॉल्फ फिक यांचा विसरणाचा नियम १८५५ चा, आणि लोश्मिट यांनी वायूंच्या जोड्यांसाठी पद्धतशीर मोजमाप केले ते १८७० मध्ये. मॅक्सवेल यांनी मांडलेला सिद्धांत याच सुमारास मोजमापांशी ताडून पाहता येऊ लागला.

सिद्धांताचे काटेकोर रूप सिडनी चॅपमन आणि डेव्हिड एन्स्कॉग यांनी १९१६-१७ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यांच्या सूत्रात गुणांक तापमानाच्या दीड घातानुसार वाढतो, दाबाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि टक्कर-व्यासाच्या (टकरीसाठी धरलेल्या रेणूच्या व्यासाच्या) वर्गाने भागला जातो. याखेरीज छेदात एक टक्कर-संकल ('इंटिग्रल') असतो, जो रेणूंमधील आकर्षणाचा हिशेब ठेवतो आणि स्वतः तापमानाबरोबर हळूहळू घटतो. व्यास आणि आकर्षणाची खोली ही दोन प्राचले बहुधा लेनर्ड-जोन्स विभवासाठी (दोन रेणूंमधली ओढ आणि दूर सारणे अंतरानुसार मांडणाऱ्या सूत्रासाठी) वायूच्या श्यानतेवरून, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधावरून, काढलेली असतात. इथेच पहिली अडचण येते. श्यानतेवरून काढलेली प्राचले विसरणाला लावताना आपण गृहीत धरतो की दोन भिन्न रेणूंमधील आकर्षण हे त्यांच्या स्वतंत्र आकर्षणांचा भूमितीय मध्य असते आणि टक्कर-व्यास हा दोन व्यासांची सरासरी असतो. अध्रुवीय रेणूंसाठी, म्हणजे ज्यांना धन-ऋण अशी विद्युतभाराची टोके नसतात त्यांच्यासाठी, हे चांगले चालते.

दुसरा मार्ग फुलर, शेटलर आणि गिडिंग्ज यांनी १९६६ मध्ये दाखवला. त्यांनी सूत्राचा साचा गतिज सिद्धांताचाच ठेवला, मात्र तापमानाचा घात मोजमापांवरून १.७५ ठरवला आणि रेणूचा आकार अणूंच्या 'विसरण-आकारमानां'च्या बेरजेने दर्शवला. सूत्र शब्दांत सांगायचे तर असे: केल्विनमधल्या तापमानाचा १.७५ वा घात घ्यावा, त्याला दोन्ही रेणुभारांच्या व्यस्तांच्या बेरजेच्या वर्गमुळाने गुणावे, मग दाबाने (वातावरणात) आणि दोन्ही आकारमानांच्या घनमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागावे, आणि सर्वांना ०.००१ ने गुणावे. उत्तर चौरस सेंटिमीटर प्रति सेकंदात येते.

हवेतल्या पाण्याच्या वाफेसाठी दोन्ही सूत्रे २५ अंशांना चालवून पाहणे बोधप्रद आहे. फुलर यांच्या सूत्रासाठी २९८.१५ चा १.७५ वा घात सुमारे २१,३९० येतो. रेणुभार १८.०२ आणि २८.९७, त्यांच्या व्यस्तांची बेरीज ०.०९००, वर्गमूळ ०.३००. हवेचे आकारमान १९.७, पाण्याचे १३.१. (हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे तक्त्यातले वाटे घेऊन पाण्याची बेरीज केली तर १०.७ येते, परंतु पाण्यासारख्या काही लहान रेणूंना तक्त्यात वेगळा आकडा दिलेला असतो आणि तोच घ्यायचा असतो. घाईत हे निसटते.) घनमुळे २.७०१ आणि २.३५७, बेरजेचा वर्ग २५.५८. अंशस्थानी २१.३९ गुणिले ०.३००, म्हणजे ६.४२, त्याला २५.५८ ने भागले की ०.२५१ मिळतो. मोजमापे ०.२५ ते ०.२६ च्या दरम्यान आहेत.

आता चॅपमन–एन्स्कॉग. पाण्यासाठी व्यास २.६४१ अँगस्ट्रॉम आणि आकर्षणाची खोली ८०९ केल्विन, हवेसाठी ३.७११ आणि ७८.६. सरासरी व्यास ३.१७६, भूमितीय मध्य सुमारे २५२ केल्विन, त्यामुळे लघुकृत तापमान (तापमान भागिले ही खोली) १.१८ आणि संकल १.३३ च्या जवळ. हिशेब पूर्ण केल्यावर उत्तर येते ०.२१४, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी. ज्या सूत्रामागे अधिक खोल भौतिकशास्त्र उभे आहे, त्यानेच इथे अधिक चूक करावी याचे नवल वाटू नये. पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे. त्याची ८०९ केल्विन ही प्रचंड खोली पाण्याच्या दोन रेणूंमधल्या ओढीची आहे, आणि हवेतल्या नायट्रोजनशी टक्कर होताना ती ओढ मुळात अस्तित्वातच नसते. भूमितीय मध्य ती अर्धवट आत आणतो, संकल फुगतो आणि गुणांक खाली येतो. ध्रुवीय रेणूंसाठी द्विध्रुव-आघूर्णावर (ध्रुवीयतेच्या मापावर) आधारलेली दुरुस्ती ब्रोकॉ यांनी सुचवली आहे, आणि उच्च तापमानाच्या ज्वलनगणितात ती वापरणे योग्यच आहे. परंतु नेहमीच्या कामात मी फुलर यांचे सूत्र वापरतो आणि चॅपमन–एन्स्कॉगचे उत्तर बाजूला पडताळ्यासाठी लिहून ठेवतो. दोन्हींत दहा टक्क्यांहून अधिक अंतर दिसले, तर त्या जोडीत काही तरी वेगळे घडते आहे असे समजावे.

दाबाच्या व्यस्त प्रमाणाची गोष्ट सर्वांना पाठ असते आणि तरीही विसरली जाते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथला वातावरणीय दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, त्यामुळे पुण्यात वायूंमधला प्रत्येक विसरण गुणांक मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी अधिक असतो. फुलर यांच्या सूत्राची स्वतःची सरासरी चूक चार-पाच टक्क्यांची आहे. म्हणजे पुण्यात बसून 'एक वातावरण' असे डोळे झाकून लिहिणाऱ्याने सूत्राच्या चुकीपेक्षा मोठी चूक स्वतःच्या हाताने आत घातलेली असते. महाबळेश्वरला हाच फरक अठरा टक्क्यांच्या घरात जाईल.

मोजमापाविषयीही लिहिले पाहिजे, कारण अंदाजाची तुलना ज्याच्याशी करायची तो आकडाही कोणी तरी कुठे तरी मोजलेलाच असतो. रासायनिक अभियांत्रिकी शिकलेल्या बहुतेकांनी स्टेफान नळीचा प्रयोग केलेला असतो. अरुंद उभ्या काचनळीच्या तळाशी अॅसिटोन, नळी गरम पाण्याच्या पात्रात बुडवलेली, वरच्या आडव्या फाट्यातून हवेचा मंद झोत, आणि द्रवाची पातळी किती खाली गेली हे पाहण्यासाठी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. पातळी अर्ध्या-पाऊण तासाला एखाद-दोन मिलिमीटर उतरते. वाफेच्या स्तंभाच्या उंचीच्या वर्गातली वाढ आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषेत येतो, आणि रेषेच्या चढावरून गुणांक निघतो. आलेख इतका सरळ येतो की विद्यार्थ्याला आपण अचूक काम केले असे वाटते. खरी गंमत पुढे आहे. सूत्रात वाफेच्या दाबाचा लॉगरिदम असतो. ४० अंशांना अॅसिटोनचा बाष्पदाब सुमारे ५६.५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या निम्म्याहून अधिक असतो. पात्रातले तापमान प्रत्यक्षात ४१ अंश असेल, तर बाष्पदाब ५८.८ किलोपास्कल होतो, आणि तो लॉगरिदम सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो. एका अंशाची चूक म्हणजे गुणांकात सहा टक्के! शिवाय बाष्पीभवनामुळे द्रवाचा पृष्ठभाग पात्रापेक्षा थोडा थंड असतो, आणि वरून जाणारा झोत जोराचा असला की नळीच्या तोंडाशी भोवरे उठून विसरणाचे अंतर कमी होते. एकाच जोडीसाठी वेगवेगळ्या तक्त्यांत पाच-दहा टक्क्यांनी भिन्न आकडे का दिसतात, याचा बराचसा उलगडा इथे होतो. तक्त्यातला आकडा आणि फुलर यांच्या सूत्राचा आकडा यांत पाच टक्क्यांचा फरक आला, तर चूक कोणाची हे सांगता येत नाही.

द्रवांत चित्र पालटते. तिथे रेणूला मोकळी धाव नाही. तो शेजाऱ्यांच्या दाटीत अडकलेला असतो आणि जागा मिळेल तसा सरकतो. हालचालीला विरोध करणारी गोष्ट म्हणजे श्यानता, आणि द्रवांच्या सर्व उपयुक्त सूत्रांचा कणा 'गुणांक हा तापमान भागिले श्यानता या प्रमाणात' हाच आहे. हा संबंध १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात विल्यम सदरलँड यांनी मांडला. आइन्स्टाइन यांच्या त्या वर्षीच्या प्रबंधात विचाराची दिशा आजच्या उलट होती: साखरेच्या द्रावणाची श्यानता आणि साखरेचा पाण्यातला विसरण गुणांक हे मोजलेले आकडे घेऊन त्यांनी रेणूचा आकार आणि अॅव्होगॅड्रोचा अंक (एका मोलमधील रेणूंची संख्या) काढला. पहिला अंक आजच्या मूल्याच्या सुमारे एक तृतीयांश आला. पुढे श्यानतेच्या सूत्रातली एक बैजिक चूक सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्त उत्तर ६.५६ गुणिले दहाचा तेविसावा घात असे प्रसिद्ध झाले. साखर त्यामुळे या विषयात जुनी मानकरी आहे, आणि २५ अंशांना अतिविरल द्रावणातला तिचा गुणांक ०.५२ लाखांश हा अत्यंत काळजीपूर्वक मोजलेला आकडा असल्यामुळे सूत्रे तपासायला ती सोयीची पडते.

स्टोक्स–आइन्स्टाइन सूत्रात रेणूला गोळा मानून त्याची त्रिज्या घालावी लागते. मोजलेल्या गुणांकावरून उलट गेलो तर साखरेसाठी ती ४.७ अँगस्ट्रॉम येते, जी रेणूचा आकार पाहता पटण्यासारखी आहे. परंतु लहान रेणूंसाठी, म्हणजे द्राव्य आणि द्रावक आकाराने सारखेच असताना, द्रावक हे अखंड माध्यम आहे ही कल्पनाच डळमळते. म्हणून व्यवहारात १९५५ साली विल्की आणि चँग यांनी दिलेले अनुभवजन्य सूत्र चालते. त्यात द्रावकाचा रेणुभार त्याच्या 'साहचर्य गुणांका'ने (द्रावकाचे रेणू एकमेकांना किती धरून राहतात त्यासाठीच्या अंकाने) गुणून वर्गमूळ घेतात, तापमानाने गुणतात, द्रावकाच्या श्यानतेने (सेंटिपॉइजमध्ये) आणि द्राव्याच्या उत्कलनबिंदूवरील मोलर आकारमानाच्या ०.६ व्या घाताने भागतात, आणि शेवटी ७.४ गुणिले दहाचा उणे आठवा घात हा स्थिरांक लावतात. साहचर्य गुणांक पाण्यासाठी २.६, मेथॅनॉलसाठी १.९, इथॅनॉलसाठी १.५ आणि बेन्झीनसारख्या अध्रुवीय द्रावकांसाठी १ आहे.

साखरेसाठी हिशेब करू. पाण्याची २५ अंशांची श्यानता ०.८९० सेंटिपॉइज. मोलर आकारमान अणूंच्या वाट्यांच्या बेरजेने काढण्याच्या ले बास यांच्या पद्धतीने कार्बनच्या प्रत्येक अणूला १४.८, हायड्रोजनला ३.७ आणि ऑक्सिजनला ७.४ धरून बारा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि अकरा ऑक्सिजन यांची बेरीज ३४०.४ येते. श्यानता सोडून बाकी अंश १५.१ लाखांश, छेद ०.८९० गुणिले ३३.०५, म्हणजे २९.४. उत्तर ०.५१ लाखांश. मोजमाप ०.५२! रेणूतल्या दोन वलयांसाठी ले बास यांनी सांगितलेली वजावट केली तर ०.५४ येते, तेही दूर नाही.

हे पाहून सूत्रावर विश्वास बसायला लागतो, म्हणून लगेच पाण्यातल्या इथॅनॉलचे उदाहरण घ्यावे. आकारमानाची बेरीज ५९.२, तिचा ०.६ वा घात ११.५७, आणि १५.१ भागिले १०.३ म्हणजे १.४७ लाखांश. मोजलेला आकडा १.२४ आहे, म्हणजे अंदाज अठरा टक्क्यांनी अधिक. १९७४ मध्ये हायडुक आणि लॉडी यांनी पाण्यातल्या मोजमापांचा फेरविचार करून साहचर्य गुणांक २.६ ऐवजी २.२६ घ्यावा असे सुचवले. तसे केल्यास इथॅनॉल १.३७ वर येते आणि चूक दहा टक्क्यांवर उतरते, पण साखर ०.५१ वरून ०.४८ वर घसरते आणि तिथली चूक वाढते. त्यांचे स्वतःचे, केवळ पाण्यासाठीचे सूत्र इथॅनॉलला पुन्हा १.३७ आणि साखरेला ०.४९ देते. एका द्राव्याला झुकते माप दिले की दुसरे हातचे जाते. साखरेवर साधलेला अचूकपणा हा योगायोग होता, एवढाच निष्कर्ष यातून काढता येतो. द्रवांसाठी दहा ते वीस टक्के ही चूक मान्य करूनच पुढे जावे लागते. पाणी हे द्रावक नसून कार्बनी द्रवात विरघळलेले द्राव्य असेल, तर विल्की–चँग वापरूच नये. पाण्याचे रेणू तिथे एकमेकांना धरून राहतात आणि सूत्र गुणांक फार मोठा सांगते.

तापमानाचा परिणाम मात्र या सूत्रांनी बऱ्यापैकी हाताळता येतो, कारण तो मुख्यतः श्यानतेतून येतो आणि पाण्याची श्यानता आपल्याला उत्तम ठाऊक आहे. २५ अंशांवरून ७० अंशांवर गेलो, तर केल्विन तापमान पंधरा टक्क्यांनी वाढते, पण श्यानता ०.८९० वरून ०.४०४ सेंटिपॉइजवर येते. दोन्ही मिळून साखरेचा गुणांक अडीचपट होऊन १.३ लाखांशावर जातो. युरोपातल्या बीट कारखान्यांत बिटाच्या पातळ कापांतून साखर काढायला पाणी ७० अंशांच्या आसपास ठेवतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे, आणि कदाचित अधिक महत्त्वाचे, असे की त्या उष्णतेने पेशींची पटले निकामी होऊन साखरेला वाट मिळते. आपल्याकडे उसाचे गाळप बहुतेक ठिकाणी चरक्यांच्या साखळीतून होते. काही देशांत, विशेषतः दक्षिण आफ्रिकेत, उसासाठीही 'डिफ्यूजर' वापरतात, परंतु तिथे ऊस आधीच इतका बारीक फाडलेला असतो की बरीचशी साखर धुऊन निघते आणि विसरणाचा वाटा नावावरून वाटतो तितका राहत नाही.

वरचे सर्व अतिविरल द्रावणाबद्दल झाले. संहत द्रावणात दोन गोष्टी एकदम बदलतात: श्यानता वाढते आणि रेणूंच्या परस्परआकर्षणामुळे संहतीतील फरक हीच खरी प्रेरक शक्ती राहत नाही. साखरेच्या साठ टक्के पाकाची श्यानता २० अंशांना सुमारे ५८ सेंटिपॉइज, म्हणजे पाण्याच्या अठ्ठावन्नपट असते. विसरण गुणांक पुष्कळ घटतो, पण अठ्ठावन्न पटींनी घटत नाही, त्यामुळे विल्की–चँग सूत्रात पाकाची श्यानता घालून मिळवलेल्या उत्तराला आधार नाही. अशा ठिकाणी मोजमाप शोधावे. क्षार असतील तर वाट उलट सोपी होते: आयनांची अतिविरल अवस्थेतली विद्युतवाहकता अचूक मोजलेली असते, आणि नेर्न्स्ट–हॅस्केल सूत्राने सोडियम क्लोराइडचा २५ अंशांचा गुणांक १.६१ लाखांश असा सरळ निघतो. त्यात आकारमानाच्या बेरजा नाहीत की साहचर्य गुणांक नाही. सोडियम आयन मंद असतो आणि क्लोराइड चपळ, पण विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी दोघांना एकत्रच जावे लागते, म्हणून उत्तर दोहोंच्या मधले येते.

आता वीस टक्के चूक म्हणजे नेमके किती नुकसान, हा प्रश्न. वायू द्रवात शोषून घेणाऱ्या मनोऱ्याचे आरेखन करताना वस्तुमान-संक्रमणाचा गुणांक द्रवाच्या बाजूने विसरण गुणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो, असे हिग्बी यांच्या १९३५ च्या सिद्धांताने सांगितले आणि प्रयोगांनी ते बरेचसे खरे ठरवले. म्हणजे विसरणातली वीस टक्के चूक संक्रमणात दहा टक्के उरते. त्याच मनोऱ्यात भरणाचा (द्रव पसरावा म्हणून आत भरलेल्या तुकड्यांचा) किती पृष्ठभाग प्रत्यक्ष ओला होतो याचा अंदाज त्याहून कितीतरी ढिला असतो. तिथे विल्की–चँगवर बैठकीत अर्धा तास वाद घालणे मला वेळेचा अपव्यय वाटतो. याउलट पडदे, जेल, औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, स्थिर थर अशा ठिकाणी प्रवाह विसरण गुणांकाच्या सरळ प्रमाणात असतो. वीस टक्के चूक वीस टक्केच राहते, आणि अशा कामाला अंदाज पुरेसा धरू नये. तिथे एखादे साधे मोजमाप करून घेण्याचा खर्च वसूल होतो.

सच्छिद्र उत्प्रेरकाचे प्रकरण या दोहोंपेक्षा निराळे आहे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक चुका तिथेच होतात. छिद्राचा व्यास रेणूच्या मुक्त पथापेक्षा (दोन टकरींमधल्या अंतरापेक्षा) पुष्कळ लहान झाला की रेणू एकमेकांवर आदळण्याऐवजी भिंतींवर आदळतात. अशा नुडसेन विसरणात गुणांक छिद्राच्या त्रिज्येवर आणि रेणूच्या वेगावर अवलंबून राहतो, दाबाशी त्याचा संबंध उरत नाही. दहा नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रात २५ अंशांना पाण्याच्या वाफेचा नुडसेन गुणांक सुमारे ०.०२० चौ. सेंमी. प्रति सेकंद येतो. भिंतींचा आणि इतर रेणूंचा असे दोन्ही विरोध एकापुढे एक असल्यामुळे व्यस्तांची बेरीज करायची. फुलर यांचा ०.२५१ घेतला तर एकत्रित गुणांक ०.०१८३, आणि चॅपमन–एन्स्कॉगचा ०.२१४ घेतला तर ०.०१८०. वर ज्या पंधरा टक्क्यांचा इतका खल केला, त्यातला इथे एक-दीड टक्काच शिल्लक राहतो. त्यानंतर या आकड्याला गोळीच्या सच्छिद्रतेने गुणायचे असते आणि वाटेच्या वळणदारपणाच्या अंकाने भागायचे असते. तो अंक मोजलेला नसेल तर २ ते ६ च्या दरम्यान अनुभवाने निवडला जातो, आणि बहुतेक पत्रकांत तिथे कसलीही टीप न देता ३ किंवा ४ लिहिलेले असते.